नव्या घरातले पहिले हिमवादळ: फावड्याआधीची कामे

प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षे अपार्टमेंटमध्ये काढून ऑक्टोबरात कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला स्वतःच्या घराचा ताबा घेतला. घर पंधरा वर्षांचे, दुमजली, खाली बेसमेंट, गॅसवर घर तापवणारी फर्नेस. पुण्याहून आईवडील आलेले आहेत. गुरुवार रात्रीपासून २५ ते ३० सेंटिमीटर स्नोचा अंदाज आहे. फावडे आणि मिठाची पिशवी आणून ठेवली आहे, आणखी काय करायचे?

फावडे आणि मीठ लागते शुक्रवारी सकाळी. गुरुवारच्या आत उरकायची कामे वेगळी आहेत आणि त्यातली बहुतेक घराच्या बाहेरच्या भिंतीशी आहेत. अपार्टमेंटमध्ये ती इमारतीचा माणूस करतो, भाडेकरूला दिसतही नाहीत. म्हणूनच स्वतःच्या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात नेमकी तीच राहून जातात. कोकणात पाऊस लागण्याआधी आगोटीची कामे असतात, घर शाकारायचे, पन्हळी साफ करायच्या, सरपण आत घ्यायचे. तो सगळा खटाटोप पाणी आत येऊ नये म्हणून. इथे त्याच्या जोडीला दुसरी काळजी येते, हवा कोंडू नये. इकडची घरे थंडीसाठी इतकी घट्ट बांधलेली असतात की भिंतीतल्या चार-सहा भोकांतूनच त्यांचा श्वास चालतो. आणि वाऱ्याने सरकलेला स्नो साठतो तोही भिंतीशीच.

आपण मराठीत दोन्हींना बर्फच म्हणतो, पण इथे भुसभुशीत पडतो त्याला स्नो आणि गोठून टणक होतो त्याला बर्फ म्हणतो आहे. स्नो उचलायचा असतो आणि बर्फ होऊच द्यायचा नसतो. पुढचे निम्मे काम या फरकात आहे.

तर उजेड असताना घराभोवती एक फेरी मारा आणि भिंतीतून बाहेर आलेली प्रत्येक वस्तू ओळखा. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दोन-तीन इंच व्यासाचे दोन प्लास्टिकचे पाइप. नव्या पद्धतीच्या फर्नेसचा धूर इतका थंड होऊन बाहेर पडतो की त्याला धुराडे लागत नाही, बाजूच्या भिंतीतून प्लास्टिकचा पाइप पुरतो. एक पाइप जाळासाठी हवा आत ओढतो, दुसरा ओलसर धूर बाहेर टाकतो. फर्नेस चालू असताना ज्यातून वाफ दिसते तो धुराचा. या पाइपांची तोंडे साचणाऱ्या स्नोच्या पातळीपेक्षा निदान ३० सेंटिमीटर वर असावी लागतात. बसवणाऱ्याने ती तशी ठेवलेली असतात. पण नंतर कुणी तिथे फुलझाडांसाठी मातीचा उंचवटा केला, डेक बांधला किंवा कचऱ्याचे डबे टेकवून ठेवले की तो हिशेब बिघडतो. डबे आजच हलवा.

पाइप बुजला तर काय होते? फर्नेसमध्ये हवेचा दाब पाहणारा एक छोटा स्विच असतो. धूर नीट बाहेर जात नाही असे त्याला वाटले की तो जाळ पेटूच देत नाही. पंखा फिरतो, टिकटिक ऐकू येते आणि सगळे बंद. पुन्हा तेच. फर्नेसच्या पुढच्या झाकणातल्या बारीक काचेतून एक दिवा ठरावीक वेळा लुकलुकताना दिसतो. किती वेळा लुकलुकला म्हणजे काय, याचा तक्ता बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. हिमवादळाच्या रात्री बंद पडलेल्या फर्नेसचे कारण पुष्कळदा एवढेच असते आणि हाताने स्नो बाजूला केला की ती पुन्हा चालू होते. मात्र पाइपांभोवती नुसता विहिरीसारखा खड्डा करू नका. त्या खड्ड्यात धूर घुटमळतो आणि शेजारचा पाइप तोच परत आत ओढतो. तोंडांसमोर चांगली मीटरभर जागा मोकळी करा.

अशीच बाकीची तोंडे. पाणी तापवण्याच्या टाकीचा किंवा टँकलेस हीटरचा पाइप वेगळा असेल तर तोही. ड्रायरच्या भोकावर झडप असते. ती उघडी राहील असा स्नो काढा, शक्य तर वादळात ड्रायर लावूच नका. ताजी हवा आत घेणारे एचआरव्ही यंत्र असेल तर त्याच्या बाहेरच्या तोंडाला जाळी असते, तिच्यावर स्नो आणि पाला थापून बसतो. मग गॅसचा मीटर. त्याच्या शेजारी तबकडीसारखा रेग्युलेटर असतो आणि त्याला श्वास घेणारे एक बारीक भोक असते. वरच्या वळचणीतून पाणी ठिबकून या भोकावर बर्फ चढला तर गॅसचा दाब बिघडू शकतो. मीटरवरचा स्नो मऊ ब्रशने किंवा हाताने झाडायचा, फावड्याने नाही आणि लाथेने तर मुळीच नाही. बर्फाचा थर चढलाच असेल तर तो फोडत बसू नका, गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तुमच्याकडे एसीऐवजी थंडीत घर तापवणाराही हीट पंप असेल तर त्याच्या बाहेरच्या खोक्यावर कव्हर घालायचे नाही आणि चारही बाजूंनी अर्धा मीटर तरी मोकळे ठेवायचे. नुसता एसी असेल तर त्याला स्नोचे काही वाटत नाही.

फेरी संपली की बेसमेंटमध्ये उतरा. फर्नेसचा फिल्टर बाहेर काढून उजेडाकडे धरा. पलीकडचे दिसत नसेल तर बदला. एक इंच जाडीचा असेल तर थंडीत दर महिन्या-दोन महिन्यांनी, चार-पाच इंची असेल तर सहा महिने ते वर्षभराने. कडेवरचा बाण हवा जाते त्या दिशेला, म्हणजे फर्नेसकडे. आधीच्या मालकाने शेवटचा कधी बदलला ते कुणालाच ठाऊक नसते, म्हणून ताबा घेतल्यावर एकदा बदललेला बरा. फिल्टर तुंबला की आतले तापमान मर्यादेबाहेर जाते, फर्नेस स्वतःच जाळ बंद करते आणि घर धड तापत नाही. आता जवळपास दिव्याच्या बटणासारखा दिसणारा एक स्विच शोधा, बहुतेक वेळा लाल पट्टीवर, कधी फर्नेसशेजारी, कधी बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी. तो फर्नेसचा मुख्य स्विच. घरात नव्याने आलेला पाहुणा तो दिव्याचा समजून बंद करतो आणि दोन तासांनी सगळे कुडकुडतात. आईवडिलांना तो दाखवून ठेवा किंवा वर चिकटपट्टी लावा. थर्मोस्टॅटला बॅटऱ्या असतील तर त्याही बदला.

कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म झोपण्याच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर हवेत. मागे छापलेली तारीख वाचा. सात ते दहा वर्षांनी त्यांचा संवेदक निकामी होतो, मग बटण दाबल्यावर आवाज आला तरी उपयोग नाही. घर पंधरा वर्षांचे आहे, तेव्हा मूळचे अलार्म अजून भिंतीवर असतील तर ते केव्हाच बाद झालेत. या वायूला वास नाही, रंग नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे फ्लूसारखी वाटतात. पण घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी तसे होऊ लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले तर तो फ्लू नव्हे. अलार्म वाजला की खिडक्या उघडत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरून ९११ ला फोन करा.

आता बाहेरचा नळ. बागेच्या पाइपसाठी भिंतीवर असतो तो, एक पुढे, एक मागे आणि कधी कधी गॅरेजमध्ये. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि तांब्याची नळी उभी चिरते. फाटल्याचे त्या दिवशी कळत नाही, कारण फटीत बर्फाचेच बूच बसलेले असते. कळते वसंतात, नळ उघडल्यावर भिंतीच्या आत धार लागते तेव्हा. हे काम पंधरा मिनिटांचे आहे. बागेचा पाइप काढून टाका. बेसमेंटमध्ये त्या नळाच्या मागच्या बाजूला, छताजवळ, त्याच नळीवर एक बंद करण्याची चावी असेल ती पूर्ण फिरवा. बाहेर जाऊन नळ उघडा, उरलेले पाणी गळून जाऊ द्या. मग आत या. चावीच्या अंगाला नखाएवढी पितळी टोपी असते. खाली भांडे धरून ती सैल करा. हवा आत शिरते आणि मधे अडकलेले कपभर पाणी भांड्यात पडते. बरेच लोक ही शेवटची पायरी गाळतात, आणि चावी बंद करूनही नळी फुटते ती या कपभर पाण्याने. टोपी परत घट्ट करा, बाहेरचा नळ उघडाच राहू द्या. नळ ‘फ्रॉस्ट-फ्री’ प्रकारचा असला तरी बागेचा पाइप काढावाच लागतो. त्याची झडप भिंतीच्या आत उबेत असते आणि पुढची नळी आपोआप रिकामी होते, पण पाइप लावलेला असेल तर पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते.

बेसमेंटमध्ये आहातच तर घराच्या पाण्याची मुख्य चावीही पाहून ठेवा. बहुधा रस्त्याकडच्या भिंतीशी, पाण्याच्या मीटरजवळ असते. एकदा फिरवून पाहा, पंधरा वर्षे न हललेली चावी आयत्या वेळी हलत नाही. फार थंडीच्या रात्री, म्हणजे उणे २० च्या आसपास, बाहेरच्या भिंतीवरच्या सिंकखालची कपाटे उघडी ठेवा म्हणजे खोलीची ऊब नळ्यांपर्यंत पोचेल. गॅरेजच्या वर बाथरूम असेल तर तिकडे विशेष लक्ष. गॅरेजचे मोठे दार रात्रभर उघडे राहिले तर खालून गारठा थेट त्या नळ्यांना लागतो.

छताचा विषय या वादळात तातडीचा नाही, पण समजून घ्या, कारण फेब्रुवारीत त्याचेच बिल येते. वळचणीला मोठमोठे सुळके लोंबलेले छान दिसतात, फोटोही छान येतात, पण घर तापवायला मोजलेले पैसे छतातून निसटत असल्याची ती खूण असते. माळ्यावरचे इन्सुलेशन पातळ असले, माळ्याच्या झाकणाला रबरी पट्टी नसली किंवा बाथरूमच्या पंख्याचा पाइप माळ्यातच सुटलेला असला, की छताची खालची बाजू तापते. वरचा स्नो खालून वितळतो, पाणी उतारावरून वाहत वळचणीपर्यंत येते आणि तिथे खाली घराची ऊब नसल्यामुळे पुन्हा गोठते. बर्फाचा बांध तयार होतो. मागचे पाणी त्याच्यामागे तुंबते आणि छतावरच्या शिंगल्सच्या (एकावर एक रचलेल्या चकत्यांच्या) खालून वर चढते. शिंगल्स वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी असतात, उलट चढणाऱ्यासाठी नाहीत. मग बेडरूमच्या छताला पिवळे डाग पडतात आणि लोक छत बदलायला निघतात. खरे काम असते माळ्यावर. तात्पुरता उपाय म्हणजे लांब दांड्याचा रूफ रेक घेऊन, जमिनीवर उभे राहून, वळचणीपासून मीटर-सव्वा मीटर पट्ट्यातला स्नो खाली ओढणे. शिडी लावायची नाही, कुऱ्हाडीने बर्फ फोडायचा नाही. पन्हळीत मेपलची पाने भरलेली असतील तर ती मात्र गुरुवारच्या आत काढून घ्या. पन्हळीचा खाली उतरणारा पाइप पायवाटेवर तोंड करून सुटत असेल तर त्याला वळण द्या, नाहीतर दुपारी वितळलेले पाणी संध्याकाळी तिथेच काचेसारखे गोठते.

गुरुवारी संध्याकाळची कामे थोडी आहेत. फावडे गॅरेजमध्ये ठेवू नका, पुढच्या दाराच्या आत ठेवा. बाहेरचे जाळीचे किंवा काचेचे दार बाहेर उघडते आणि त्याला टेकून अर्धा मीटर स्नो साठला तर ते ढकलून उघडत नाही. गॅरेजच्या दाराची खालची रबरी पट्टी जमिनीला गोठून चिकटली असेल तर रिमोट पुन्हा पुन्हा दाबू नका, पट्टी फाटते किंवा यंत्राचे दाते जातात. आतून पट्टीच्या कडेने सपाट पात्याने बर्फ सोडवा. गाडी रस्त्यावर ठेवू नका. ब्रॅम्प्टनसह आसपासच्या बऱ्याच शहरांत रात्री २ ते ६ रस्त्यावर गाडी उभी करायला एरवीही मनाई असते, आणि स्नो लोटणाऱ्या प्लाउ ट्रकच्या वाटेत आलेली गाडी उचलून नेतात. गाड्या ड्राइव्हवेवर, म्हणजे रस्ता ते गॅरेज या वाटेवर, शक्य तितक्या गॅरेजला चिकटवून लावा, म्हणजे रस्त्याकडची बाजू साफ करायला मोकळी राहते.

अंदाज वाचताना सेंटिमीटरइतकेच तापमान आणि वारा पाहा. इथले हवामान खाते, एन्व्हायर्नमेंट कॅनडा, ‘ब्लिझर्ड’ हा शब्द वापरते तो स्नो किती पडणार यावरून नाही. ताशी ४० किलोमीटर किंवा जास्त वारा आणि ४०० मीटरपर्यंत किंवा त्याहून कमी दिसणे, हे निदान चार तास, असा त्याचा अर्थ आहे. तुमच्या भिंतीशी ढीग किती होईल ते वाऱ्यावर ठरते. शून्याच्या आसपास पडणारा स्नो ओला आणि जड असतो, उणे १० ला पडणारा पिठासारखा. आणि अंदाजात ‘फ्रीझिंग रेन’ दिसला तर तो सगळ्यात वाईट. पाऊस पडतो आणि जिथे पडेल तिथे गोठतो, झाडे आणि तारा तुटतात. डिसेंबर २०१३ मध्ये अशा पावसाने एकट्या टोरांटोत सुमारे ३ लाख ग्राहकांची वीज गेली होती.

आता फावडे. आधी वजनाचा हिशेब करू. ताजा साधारण स्नो १० सेंटिमीटर पडला की त्यात १ सेंटिमीटर पाणी असते, म्हणजे चौरस मीटरला १० किलो. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे समजा ६ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब, ४८ चौरस मीटर. २५ सेंटिमीटरला १२०० किलो होतात. ओला स्नो असेल तर याच्या दुप्पट. सव्वा टन माल एकदम उचलायचा की तीन हप्त्यांत, हा प्रश्न आहे. उत्तर हप्त्यांत. दर ८-१० सेंटिमीटरला एक हात फिरवून घ्या, रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा तरी. एकदा फिरवून घेतलेला भाग परत भरला तरी खालचा थर दबलेला नसतो.

फावडी दोन हवीत. एक रुंद, ६०-७० सेंटिमीटरचे ढकलायचे. दुसरे ४५ सेंटिमीटरच्या आसपासचे उचलायचे, कडेला धातूची पट्टी असलेले. दुकानात वाकड्या दांड्याचेही मिळते, पाठीला ते बरे. पात्याला स्वयंपाकाचे तेल किंवा सिलिकॉनचा फवारा मारला तर ओला स्नो चिकटत नाही. ढकलता येईल तोवर उचलू नका. उचलावाच लागला तर अर्धेच पाते भरा, गुडघे वाकवा, फावडे अंगाजवळ धरा आणि कंबरेतून पीळ देऊन मागे फेकू नका. पाय वळवा आणि समोर टाका. गाडी बाहेर काढण्याआधी स्नो काढा. चाकाखाली दबलेल्या पट्ट्यांचा बर्फ होतो आणि ते दोन पट्टे मार्चपर्यंत दिसत राहतात.

पहिल्या वादळात सगळे एक चूक करतात. स्नो ड्राइव्हवेच्या अगदी काठावर टाकतात. आज जागा भरपूर असते. जानेवारीअखेर काठावरची भिंत छातीइतकी होते आणि मग प्रत्येक फावडे डोक्यावरून फेकावे लागते. आजचा स्नो हिरवळीवर जितका लांब जाईल तितका लांब टाका.

आणि रस्त्याकडचा बांध. प्लाउ जातो तेव्हा रस्त्यावरचा स्नो बाजूला लोटत जातो आणि तुमच्या ड्राइव्हवेचे तोंड आले की तिथे मोकळी जागा मिळून तो सगळा तिथेच ओततो. याला इथे ‘विंड्रो’ म्हणतात. तो मिठाने आणि चाकांनी मळलेला, दगडासारखा जड असतो आणि तासा-दोन तासांत आणखी घट्ट होतो. काही शहरे तो स्वतः काढून देतात, काही देत नाहीत, काही फक्त ज्येष्ठांना आणि अपंगांना देतात. आपल्या शहराचे काय ते नगरपालिकेच्या संकेतस्थळावर आताच पाहा. हा बांध कमी करायची एक युक्ती आहे. घराकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. इथे वाहने उजवीकडून चालतात, म्हणजे तुमच्या बाजूचा प्लाउ तुमच्या डाव्या हाताकडून येऊन उजवीकडे जाणार. ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेने, दोन-तीन मीटर लांब आणि मीटरभर आत असा खिसा आधीच रिकामा करून ठेवा. प्लाउच्या पात्यापुढचा ढीग त्या खिशात पडतो आणि तुमच्या तोंडाशी येईपर्यंत पाते बरेच रिकामे झालेले असते. तुम्ही काढलेला स्नो मात्र उजव्या अंगाला टाका. डावीकडे टाकलात तर प्लाउ तो परत तुमच्याच दारात आणून देतो. रस्त्यावर ढकलून द्यायचा मोह होईल, पण ऑन्टारिओच्या वाहतूक कायद्याने परवानगीशिवाय ते करायला बंदी आहे. घरासमोर अग्निशमन दलाचा नळखांब असेल तर त्याच्याभोवती मीटरभर जागा मोकळी करा.

फावडे कुणी मारायचे हेही ठरवा. पुण्याहून आलेल्या बाबांना हौस असते, मुलाचे नवे घर आहे. पण थंड हवेत रक्तवाहिन्या आकसतात, जड उचलताना माणूस श्वास रोखतो, रक्तदाब एकदम चढतो, आणि हातांचे काम हृदयाला पायांच्या कामापेक्षा जास्त ताण देते. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा साठीचे वय असेल तर फावडे हातात देऊ नका. त्यांना दाराशी झाडू द्या, भुसभुशीत दोन-तीन सेंटिमीटरला साधा खराटाही चालतो. तुम्हीही भरपेट जेवून लगेच बाहेर पडू नका, दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, विनाकारण घाम यांपैकी काहीही झाले तर फावडे तिथेच टाका आणि ९११ ला फोन करा. हे जमणारे नसेल तर हंगामाचा ठेका द्या. मात्र विचारून घ्या, किती सेंटिमीटरनंतर येणार, किती वाजेपर्यंत येणार, प्लाउचा बांध धरलेला आहे का आणि पुढच्या दारापर्यंतची वाट धरलेली आहे का. बहुतेक वाद शेवटच्या दोन गोष्टींवरून होतात. स्नो ब्लोअर घेतलात तर एकच नियम जिवाचा आहे. तोंड तुंबले की यंत्र बंद करा आणि काठीने मोकळे करा, हाताने कधीच नाही. इंजिन बंद असले तरी पात्यांत ताण उरलेला असतो आणि अडकलेला गोळा सुटताच ती एक झटका मारतात.

मिठाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की मीठ टाकले की स्नो वितळतो. मीठ स्नो काढत नाही, फावड्यानंतर उरलेला पातळ बर्फाचा थर जमिनीपासून सोडवते. आधी खरवडा, मग मीठ. साधे खडे मीठ उणे १० च्या खाली जवळजवळ काम करत नाही. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागते, ते उणे २५ च्या आसपासपर्यंत चालते. आणखी थंडी असेल तर वाळू टाका, वितळत नाही पण पाय घसरत नाही. प्रमाण किती? कॉफीचा एक मोठा मग, ३५० मिलिलिटर, सहा मीटर लांबीच्या ड्राइव्हवेला पुरतो. खडे एकमेकांपासून दोन-तीन बोटे अंतरावर पडलेले दिसावेत. पांढरा थर दिसला तर ते पैसे आणि पुढच्या उन्हाळ्यातली हिरवळ दोन्ही वाया. पायऱ्यांचे काँक्रीट नुकतेच नव्याने ओतलेले असेल तर पहिला हिवाळा त्यावर मीठ अजिबात नको, वाळूच. मीठ पाणी पातळ ठेवते, ते छिद्रांत मुरते, रात्री गोठते, आणि वसंतात वरचा थर पापुद्र्यासारखा निघतो. उकळते पाणी ओतायची कल्पना कुणीतरी नक्की सुचवेल. ओतू नका. पाच मिनिटे बरे दिसते, मग त्याच जागी आरसा तयार होतो.

गाडी सुरू करण्याआधी मागचा धुराचा पाइप स्नोमधून मोकळा आहे का ते वाकून पाहा. तो बुजलेला असताना इंजिन चालू ठेवले तर धूर आत येतो आणि आत बसलेल्या मुलांना कळतही नाही. गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, इंजिन तापवत ठेवू नका. गाडीच्या टपावरचा स्नोही काढा, ब्रेक मारला की तो पुढच्या काचेवर उतरतो. हिवाळ्याचे टायर अजून लावले नसतील तर वादळात बाहेरच पडू नका. ऑल-सीझन टायरचे रबर ७ अंशांच्या खालीच कडक होऊ लागते.

वीज गेली तर गॅसची फर्नेसही बंद पडते, तिचा पंखा विजेवर असतो. एका खोलीत या, दारांच्या फटींना टॉवेल लावा. गॅसच्या शेगडीवर काडीने पेटवून चहा करता येईल, पण ती ऊब घेण्यासाठी पेटती ठेवू नका. बाहेरची बार्बेक्यूची शेगडी किंवा कोळसा तर घरात आणि गॅरेजमध्ये कधीच नको. जनरेटर घरापासून सहा मीटर लांब आणि त्याच्या धुराचे तोंड खिडक्यांपासून दुसरीकडे वळवून. फ्रीज न उघडता चार तास टिकतो, भरलेला फ्रीझर ४८ तास. मेणबत्त्यांपेक्षा बॅटरीचे दिवे बरे. बेसमेंटमध्ये सम्प पंप, म्हणजे तळाच्या खड्ड्यातले पाणी बाहेर फेकणारा पंप, असेल तर विजेअभावी तोही थांबतो. कडाक्याच्या थंडीत याने बिघडत नाही, पण वादळानंतर दोन दिवसांनी तापमान शून्याच्या वर गेले की स्नोचे पाणी तिथेच येते. तेव्हा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप उचल घेतो का ते आजच पाहा.

वादळाच्या रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे उठल्यावर भिंतीतले ते दोन पाइप बॅटरीच्या उजेडात बघा, बाकी रात्रभर जागायचे कारण नाही. खिचडी गरम असेल आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली स्नो तिरका पडताना दिसत असेल तर खिडकीशी बसा. काच ओली होत असेल तर स्वयंपाकघरातला पंखा लावा आणि हवेत ओल सोडणाऱ्या ह्युमिडिफायरचा आकडा उतरवा. बाहेर उणे १० असताना आतली आर्द्रता ३० ते ३५ टक्के पुरते, उणे २० ला त्याहून कमी.

आणखी एक, कारण डिसेंबरात तुम्ही आईवडिलांना सोडायला पुण्याला जालच. इथल्या बऱ्याच विमा पॉलिसींत असे कलम असते की थंडीत चारपेक्षा जास्त दिवस घर रिकामे असेल आणि रोज कुणी येऊन पाहत नसेल, किंवा पाणी बंद करून नळ्या रिकाम्या केल्या नसतील, तर गोठून फुटलेल्या नळीची भरपाई मिळत नाही. पॉलिसी काढून ते वाक्य वाचा. जाताना मुख्य चावी बंद करा, सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा नळ उघडून नळ्या रिकाम्या करा, थर्मोस्टॅट १५ च्या खाली नेऊ नका आणि शेजाऱ्याकडे किल्ली देताना त्याला फर्नेसचे पाइप कुठे आहेत ते दाखवा. ड्राइव्हवे कुणीतरी साफ करत राहील असेही पाहा. पंधरा दिवस न हललेला स्नो म्हणजे घर रिकामे असल्याची पाटीच. एप्रिलअखेर बाहेरचा नळ पुन्हा सुरू कराल तेव्हा एकट्याने करू नका. एकाने बेसमेंटमध्ये उभे राहून चावी हळू उघडायची आणि नळीला हात लावून ऐकायचे, दुसऱ्याने बाहेर नळावर अंगठा दाबून धरायचा. अंगठ्याने धार सहज अडली, पाण्याला जोरच नसला, तर नळी भिंतीच्या आत फुटलेली आहे. चावी लगेच बंद करा आणि प्लंबर बोलवा.